‘शंभरपट बळकट’ : एका वाक्याचे परीक्षण

परीक्षण सहसा पुस्तकाचे होते. येथे आम्ही एका वाक्याचे करणार आहोत. वाक्य असे : ‘कार्बनच्या नॅनोनलिका पोलादापेक्षा शंभरपट बळकट आणि सहापट हलक्या असतात, त्या मिसळल्या की कार्बन तंतूंचे पदार्थ आणखी मजबूत होतात.’ गेली पंचवीसएक वर्षे हे वाक्य किरकोळ फेरफारांसह वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांतून आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरून आपल्यासमोर येत आहे. त्याला कोणी एक लेखक नाही, म्हणून त्याचा जाबही कोणाला विचारला जात नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. वाक्याचा पूर्वार्ध अर्धवट खरा आहे. उत्तरार्ध ज्या अर्थाने घेतला जातो त्या अर्थाने चूक आहे. कार्बन तंतूंच्या पदार्थाला नॅनोनलिकांचा उपयोग होऊ शकतो, पण तो त्या पोलादाहून किती पट बळकट आहेत यावर फारसा अवलंबून नाही. तो अवलंबून आहे त्या कोठे बसवल्या यावर. आज प्रवासी विमानांचे पंख कार्बन तंतूंचे असतात; आपल्या ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के वाटा अशा पदार्थांचा आहे. हे पदार्थ कशाने तुटतात हे ज्याला कळले, त्याला या वाक्यातली गफलत लगेच दिसते. आणि नेमके तेच वाक्यात नाही.

प्रथम पूर्वार्ध घेऊ. ‘पोलादापेक्षा’ म्हणजे कोणत्या पोलादापेक्षा? बळकटी मोजण्याचे एकक पास्कल. एक गिगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेला साधारण १०० किलो वजन टांगल्यावर पडणारा ताण. इमारतीच्या तुळयांचे साधे मऊ पोलाद सुमारे ०.४ गिगापास्कलला तुटते, म्हणजे ४० किलोला. पण पियानोची तारही पोलादाचीच, आणि ती दोन ते तीन गिगापास्कल सोसते. तेव्हा ४० गिगापास्कल सोसणारी वस्तू तुळईच्या पोलादाच्या शंभरपट बळकट ठरते, तर पियानोच्या तारेच्या जेमतेम पंधरा-वीस पट. आकडा वाढवायचा असेल तर तुलनेसाठी दुबळा प्रतिस्पर्धी निवडावा, ही युक्ती जाहिरातवाल्यांना ठाऊक असते. विज्ञानाच्या तक्त्यावर ती शोभत नाही.

शिवाय आपला विषय कार्बन तंतूंचे पदार्थ हा आहे, मग तुलना पोलादाशी कशाला? ती कार्बन तंतूशीच हवी. जपानच्या तोरे कंपनीचा १९७१ पासून बाजारात असलेला टी-३०० हा तंतू साडेतीन गिगापास्कल सोसतो आणि त्याची घनता पोलादाच्या पाव हिश्शाहून कमी आहे. हा एक तंतू ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि तो सुमारे १४ ग्रॅम वजन तोलून धरतो. असे बारा-बारा हजार तंतू एका पेडात असतात. त्याच कंपनीने २०२३ साली ८ गिगापास्कलचा तंतू जाहीर केला. पन्नासएक वर्षांत दुपटीहून जास्त वाढ झाली, ती नॅनोनलिकांविना, कच्चा धागा अधिक स्वच्छ, बारीक आणि निर्दोष करत गेल्याने.

आता नॅनोनलिकेचा आकडा आला कोठून ते पाहू. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे षट्कोनी जाळीचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. असा एक पत्रा गुंडाळून त्याच्या कडा जुळवल्या की झाली एकपदरी नॅनोनलिका; एकात एक अशा अनेक नळ्या असल्या की बहुपदरी. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी बहुपदरी नलिकांची रचना ‘नेचर’मध्ये मांडली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. (इजिमांना या नलिकांचे जनक म्हणण्याची पद्धत आहे. पण रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच अशा पोकळ कार्बन-नळ्यांची छायाचित्रे रशियन भाषेतील एका नियतकालिकात छापली होती. ती फारशी कोणी वाचली नाहीत, एवढेच.)

ताकद प्रत्यक्ष ओढून मोजण्याचा गाजलेला प्रयोग २००० सालचा. अमेरिकेत मिन-फेंग यू, रॉडनी रूऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत १९ बहुपदरी नलिका एकेक करून ताणल्या. ओढताना सर्वांत बाहेरचा पदर तुटला आणि आतले पदर म्यानातून तलवार निघावी तसे सरकून बाहेर आले. त्या बाहेरच्या पदराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली. हा निबंध काळजीपूर्वक लिहिलेला आहे. आकडा बाहेरच्या पदराचा आहे हे त्याच्या सारांशातच सांगितले आहे. लोकप्रिय लेखनात येईतो ‘बाहेरच्या पदराची’ हे शब्द गळले, ‘११’ गळले आणि ‘६३’ उरले.

गळलेल्या शब्दांची किंमत किती, ते नववी-दहावीचा विद्यार्थीही काढू शकेल. समजा, नलिकेचा बाहेरचा व्यास २० नॅनोमीटर आहे. एका पदराची जाडी ०.३४ नॅनोमीटर. म्हणजे बाहेरच्या पदराच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस नॅनोमीटर, आणि पूर्ण नलिकेच्या छेदाचे ३१४. भार फक्त बाहेरच्या पदराने पेलला, जागा मात्र पूर्ण नलिकेने अडवली. मग ६३ गिगापास्कलला २१ ने गुणून ३१४ ने भागले पाहिजे. उत्तर येते सुमारे ४. म्हणजे १९७१ सालच्या कार्बन तंतूच्या आसपासच! पदार्थात नलिका मिसळताना आपण बाहेरचा पदर सोलून मिसळत नाही, पूर्ण नलिकाच मिसळतो. त्या दृष्टीने हा दुसरा आकडाच कामाचा.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. नलिका निर्दोष आणि थोड्याच पदरांची असेल तर ताकद खरोखर प्रचंड असते. २०१८ साली चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने सेंटिमीटरभर लांबीच्या नलिकांच्या जुडग्यांत ८० गिगापास्कलहून अधिक ताकद मोजून दाखवली. तेव्हा आकडा खोटा नाही. तो निवडक नलिकांचा आहे, आणि वाक्यात ‘नॅनोनलिका’ असे सरसकट म्हटले आहे.

बारीक नमुना जाड नमुन्याहून बळकट का भरतो, हे कोडे काही नवे नाही. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ग्रिफिथ यांनी काचेचे धागे तोडून पाहिले आणि धागा जितका बारीक तितका तो बळकट असे दाखवले. त्यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. कारण साधे आहे : वस्तू तुटते ती तिच्यातल्या सर्वांत मोठ्या चिरेपाशी, आणि बारीक धाग्यात मोठ्या चिरेला जागाच नसते. हे कळले की ‘नॅनो’ या शब्दाची जादू पुष्कळ ओसरते. एका नलिकेची ताकद म्हणजे चीर नसलेल्या तुकड्याची ताकद. लाखो नलिकांचे सूत कातले की नलिका एकमेकींवरून घसरतात, मध्ये पोकळ्या राहतात, आणि सुताची ताकद एकट्या नलिकेच्या जवळपासही जात नाही. काथ्याची दोरी सुटते तेव्हा प्रत्येक काथ्या तुटलेला नसतो. बरेचसे नुसते सुटून आलेले असतात.

हीच कथा कार्बन तंतूंच्या बाबतीत एकदा घडून गेली आहे. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांना ग्रॅफाइटचे गुंडाळलेल्या चटईसारखे बारीक केस मिळाले. १९६० साली त्यांनी त्यांची ताकद प्रसिद्ध केली : २० गिगापास्कल. आजच्या उत्तम तंतूच्या अडीचपट! त्या केसांचे विमान मात्र कोणी बांधले नाही. विमाने बांधली गेली ती पुढे जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि फार्नबरोमध्ये वॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्रिलिकच्या धाग्यापासून बनवलेल्या, ताकदीने पुष्कळ कमी पण मैलोगणती लांब निघणाऱ्या तंतूंची. बेकन यांच्या २० गिगापास्कलची आठवण नॅनोनलिकांवरच्या लोकप्रिय लेखांत आम्हांला क्वचितच दिसली. ती असती तर ‘शंभरपट’ वाचून विद्यार्थी एवढे भारावले नसते.

आता उत्तरार्ध. आमच्या मते मुख्य दोष येथे आहे.

बांबू आडवा मोडायला जड जातो, पण त्याच्या टोकाला कोयत्याचा घाव घातला की तो उभा फाटत जातो. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने बळकट. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा गर मात्र कमकुवत. कार्बन तंतूंचा पदार्थ अगदी असाच आहे. तंतू बळकट, आणि त्यांना धरून ठेवते ती एपॉक्सी राळ. टी-३०० तंतू साठ टक्के घातलेला पदार्थ तंतूंच्या दिशेने ओढला तर सुमारे १८०० मेगापास्कल सोसतो, आणि आडवा ओढला तर ८० मेगापास्कललाही कुरकुरतो. वीस-बावीस पटींचा फरक! म्हणून कारागीर एका थरात तंतू उभे, दुसऱ्यात आडवे, तिसऱ्यात तिरपे असे ठेवून थरावर थर रचतात. प्रत्येक थर मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा. त्यामुळे पत्र्याच्या पातळीतल्या सगळ्या दिशांची सोय होते. एक दिशा उरतेच : थरांच्या आरपार जाणारी. तिथे एकही तंतू नाही. दोन थरांना सांधते ती नुसती राळ. घाव बसला, हातोडा पडला, गारा लागल्या की पापुद्रे सुटतात, आणि पुष्कळदा वरून काही दिसतही नाही.

याची सर्वांत महाग शिकवणी रोल्स-रॉइसला मिळाली. आरबी-२११ या जेट इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्यांनी ‘हायफिल’ नावाच्या कार्बन तंतूंच्या पदार्थाची करायचे ठरवले. वजन पुष्कळ वाचणार होते. पाती फिरण्याचा ताण सोसत होती. पण पक्षी आदळला तर काय, हे पाहण्यासाठी १९७० साली त्यांच्यावर वेगाने कोंबडी सोडण्यात आली आणि पात्यांच्या चिरफळ्या उडाल्या. कंपनीला टिटॅनियमच्या पात्यांकडे वळावे लागले, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. दिवाळ्याला हे एकच कारण नव्हते. इंजिनाचा एकूण खर्चच हाताबाहेर गेला होता. पण तंतूची ताकद वाढवून त्या पात्याचे काही भले झाले नसते, कारण ते तंतूच्या दिशेने तुटलेच नव्हते.

एवढे ध्यानात घेऊन आता पुन्हा वाक्याकडे पाहा. राळेत नॅनोनलिका कालवल्या तर पदार्थ किती ताठ होईल? मिश्रणाचा साधा नियम लावू : प्रत्येक घटकाचा ताठपणा, म्हणजे यंगचा गुणांक, गुणिले त्याचा वाटा, आणि मग बेरीज. तंतू ६० टक्के, त्याचा गुणांक २३० गिगापास्कल, गुणाकार १३८. राळ ४० टक्के, तिचा गुणांक ३, गुणाकार १.२. बेरीज १३९.२. आता राळेत आकारमानाने एक टक्का नलिका घालू. त्यांचा गुणांक १००० धरू, म्हणजे हात सैल सोडूनच. नलिका सगळ्या दिशांना पसरलेल्या असल्याने त्यांचा साधारण पाचवा हिस्साच एका दिशेला उपयोगी पडतो. म्हणजे राळेत २ ची भर पडून ती ३ ची ५ झाली. राळ दीडपटीहून जास्त ताठ झाली, हे खरेच कौतुकाचे आहे. पण पदार्थात? ५ चे ४० टक्के म्हणजे २, अधिक १३८, एकूण १४०. वाढ अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त! तंतूंच्या दिशेने नलिकांचा उपयोग नाहीच म्हणा ना. जिथे आधीच पहिलवान उभा आहे तिथे आणखी एक पोर उभे करण्यासारखे ते आहे.

आणि हे गणित नलिका राळेत सारख्या पसरल्या असे धरून केले. प्रत्यक्षात त्या न विंचरलेल्या केसांसारख्या गुंततात. गुंता झाला की तिथे बळकटीऐवजी खोटच तयार होते. नलिका वाढवाव्यात तर राळ घट्ट होते, तंतूंच्या कापडात मुरत नाही. आणि मुरलीच तर कापड गाळणीसारखे काम करते, नलिका दारातच अडकतात. २००५ च्या सुमारास सायकलींच्या चौकटी आणि बेसबॉलच्या बॅटी नॅनोनलिकांच्या नावावर विकल्या जात होत्या. नाव मोठे छापलेले असे. नलिका राळेत चिमूटभर.

मग हे संशोधन निरर्थक आहे का? नाही. उलट त्यातला खरा विचार फार सुंदर आहे, आणि लोकप्रिय लेखनात त्यालाच जागा मिळत नाही, ही आमची तक्रार.

गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर ते एका रात्रीत विस्कटतील. आरपार टाके घातले की गोधडी पिढीभर टिकते. टाक्याचा दोरा लुगड्यापेक्षा शंभरपट बळकट असावा लागत नाही; तो योग्य दिशेने गेलेला असावा लागतो. कार्बन तंतूंच्या थरांनाही सुईदोऱ्याने किंवा बारीक खिळ्यांनी शिवण्याचा प्रयोग झाला. पापुद्रे सुटायचे कमी झाले, पण सुई घुसताना तंतू बाजूला सरतात, वाकडे होतात, काही तुटतात, आणि मूळ दिशेची ताकद घटते. सात मायक्रोमीटरच्या तंतूंमधून कोणालाही धक्का न लावता जाईल एवढा बारीक दोरा हवा. दहा-वीस नॅनोमीटर जाडीची नॅनोनलिका येथे कामी येते. बारीकपणा हा तिचा येथला मोठा गुण.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ब्रायन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. वेगळ्या पाटीवर उभ्या नलिकांचे दाट रान वाढवायचे, ते राळ लावलेल्या चिकट थरावर उलटे दाबून उतरवायचे, वर दुसरा थर ठेवायचा आणि तापवायचे. पातळ झालेली राळ दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी नलिकांच्या रानात चढते. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की थर उलगडण्याला होणारा विरोध दीड ते अडीच पट झाला, आणि एकमेकांवरून घसरण्याला होणारा तिप्पट. २०२४ साली अधिक पातळ थरांच्या पदार्थांवर त्यांनी भेगेला होणारा विरोध साठ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दाखवले. आकडे ‘शंभरपट’पुढे किरकोळ वाटतील. पण हे आकडे वस्तू जिथे तुटते तिथले आहेत.

येथेही वाचकाने दोन प्रश्न विचारावेत. पहिला : तुलना कशाशी? या विषयावरच्या बऱ्याच निबंधांत नॅनोनलिका घातलेल्या पदार्थाची तुलना साध्या, ठिसूळ राळेच्या पदार्थाशी केलेली असते. विमान बांधणारे तशी राळ वापरत नाहीत. २०११ पासून प्रवासी वाहतुकीत असलेल्या बोइंग ७८७ च्या वजनात सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे, आणि त्याच्या मुख्य भागांसाठी वापरलेल्या पदार्थात थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचे बारीक कण पेरून राळ चिवट केलेली आहे. पंख्याच्या पात्याचा प्रश्नही १९९५ साली सेवेत आलेल्या जीई-९० इंजिनात चिवट राळ आणि पात्याच्या पुढच्या कडेला टिटॅनियमची पट्टी, अशा जोडीने सुटला. नॅनोनलिकांची खरी स्पर्धा पोलादाशी नाही. ती या प्लॅस्टिकच्या कणांशी आहे, जे स्वस्त आहेत आणि ज्यांचा अनुभव मोठा आहे. दुसरा प्रश्न : नमुना केवढा? प्रयोग पाच इंच लांब, इंचभर रुंद पट्ट्यांवर होतात. पंख तीस मीटरचा असतो, तो दमट हवेत उभा राहतो आणि वर्षानुवर्षे लवतो. एका पट्टीवरून पंखाकडे जायला कित्येक वर्षे लागतात, आणि तशी लागावीत हेच बरे.

नलिका सरळ तंतूवरच वाढवाव्यात, म्हणजे प्रत्येक तंतू बाटली घासायच्या ब्रशासारखा होईल, हा दुसरा मार्ग. २००६ साली हवाई आणि रेन्सलेर येथील संशोधकांनी, ज्यांत केरळमध्ये जन्मलेले पुलिकेल अजयनही होते, कापडावर असे रान वाढवून थरांमधला चिवटपणा ३४८ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. हा आकडा कार्बन तंतूंच्या संदर्भात सर्रास सांगितला जातो. पण ते कापड कार्बनचे नव्हते, सिलिकॉन कार्बाइडचे होते! हा तपशील क्षुल्लक नाही. नलिका वाढवायला लोखंडासारखे उत्प्रेरक आणि सात-आठशे अंशांचे तापमान लागते. त्या तापमानाला लोखंडाचे कण कार्बन तंतूलाच कुरतडतात आणि तंतूची ताकद घटते. सिलिकॉन कार्बाइड ते सोसते. कार्बन तंतूवर ही अडचण टाळण्याचे उपाय निघाले आहेत, पण त्यांतला कोणताही अजून कारखान्यात रुळलेला नाही.

बाजारानेही आपले मत दिले आहे. जर्मनीच्या बायर कंपनीने २०१० साली लेव्हरकुझेन येथे वर्षाला २०० टन नलिका काढणारा कारखाना उघडला आणि २०१३ साली या धंद्यातून अंग काढून घेतले. आज नॅनोनलिकांचा मोठा खप आहे तो लिथियम-आयन विद्युतघटांत, वीज वाहून नेणारी भर म्हणून. २०११ साली गुरूकडे निघालेल्या ‘जूनो’ यानावर त्यांचे पत्रे बसवले ते स्थिरविद्युतीपासून संरक्षणासाठी. ताकदीच्या कामासाठी म्हणायचे तर २०१७ साली नासाने नलिकांच्या सुताने गुंडाळलेली वायूची टाकी एका लहान अग्निबाणातून उडवून पाहिली. चाचणी चांगली झाली. पण ती चाचणी होती.

या वाक्याचे एक भावंड आपल्याकडे विशेष आवडीने सांगितले जाते. २००६ साली ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्या. त्या तलवारींचे पोलाद, वूट्झ, हिंदुस्थानातून जात असे. येथवर सारे प्रसिद्ध झालेले आहे. पुढचे, म्हणजे ‘आपल्या लोहारांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ आणि ‘नलिकांमुळेच ती तलवार अजोड झाली’, ही भर मागाहूनची. चुलीच्या काजळीतही कार्बनच्या नाना सूक्ष्म रचना सापडतात. त्यावरून स्वयंपाक करणारीला नॅनोतंत्रज्ञ म्हणता येत नाही. लोहाराचे कौशल्य धातू किती तापवावा आणि किती ठोकावा यात होते, आणि ते मोठे होते. गफलत दोन्हीकडे एकच आहे : वस्तूत एक बळकट घटक सापडला की वस्तूची बळकटी त्याच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचे.

वर्गात या विषयावर काही करायचे असेल तर नॅनोनलिकांची पूड विकत आणू नये, ती आता घरपोच मिळत असली तरी. लांब आणि ताठ बहुपदरी नलिका उंदरांच्या पोटातील अस्तरात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, हे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ साली त्यांतल्या एका प्रकाराला कर्ककारक असण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत घातले. राळेत घट्ट बसलेल्या नलिकांची गोष्ट वेगळी. उडणारी पूड शाळेत नको.

त्यापेक्षा सुती कापडाच्या दोन बोटे रुंद, हातभर लांब पट्ट्या कापाव्यात. दोन-दोन पट्ट्या खळीने चिकटवून तीन जोड्या कराव्यात. एका टोकाचा चार बोटे भाग चिकटवू नये. वाळल्यावर पहिली जोडी तशीच ठेवावी. दुसरीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनच्या जाड दोऱ्या लांबीच्या दिशेने चिकटवाव्यात. तिसरीत साध्या शिवणाच्या दोऱ्याने बोटभर अंतरावर आरपार टाके घालावेत. मग सुटी ठेवलेली टोके वेगळी करून एक टोक खिळ्याला बांधावे, दुसऱ्याला पिशवी लटकवावी, आणि पिशवीत एकेक मूठ वाळू टाकत पट्ट्या कधी उलगडू लागतात ते पाहावे. वाळूचे वजन दुकानातल्या तराजूवर करता येईल. नायलॉनची दोरी शिवणाच्या दोऱ्यापेक्षा किती पट बळकट आहे, हेही त्याच पिशवीने आधी मोजून फळ्यावर लिहून ठेवावे, आणि कोणती जोडी सर्वांत जास्त वाळू पेलेल याचा अंदाज मुलांकडून प्रयोगापूर्वी लिहून घ्यावा.